तीन महिन्यांचा पैसा आणि वीस वर्षांचा बोगदा

सावकार हा शब्द उच्चारला कीं आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कपाळाला अजूनहि आठ्या पडतात. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, ही हकीकत आम्हीं शाळेंत वाचलेली असते, आणि ती वाचतांना आमची सहानुभूति कोणत्या बाजूस होती हें सांगावयास नकोच. परंतु त्याच वर्गांतील गृहस्थ निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या रकमेंतून, किंवा मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस काढलेल्या पैशांतून, पांचदहा लाख रुपये 'लिक्विड' नांवाच्या फंडांत टाकतात, तेव्हां आपणहि सावकारीच करीत आहों, आणि तीहि ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं अशा ऋणकोशीं, हें त्यांच्या स्वप्नींहि येत नाहीं. ते म्हणतात, "पैसे ठेवले." "उसने दिले" असें कोणीच म्हणत नाहीं. आमच्या मतें साऱ्या घोटाळ्याचें मूळ या एका क्रियापदांत आहे, आणि म्हणूनच असला रूक्ष विषय वाङ्मयीन मासिकांत आणण्याचें धाडस आम्ही करीत आहों. शब्दांचा हिशेब पाहणें हें तर अशा मासिकाचें कामच होय.

ज्या मताचा समाचार आम्हांला घ्यावयाचा आहे तें मत थोडक्यांत असें: कर्जाची मुदत जितकी थोडी तितका धोका थोडा, एका रात्रीपुरते किंवा नव्वद दिवसांपुरते दिलेले पैसे म्हणजे घरच्या तिजोरींतले पैसेच. गुंतवणुकीच्या सल्लागारापासून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानापर्यंत हें मत इतक्या सहजतेनें सांगितलें जातें कीं, त्याला कांहीं पुरावा लागतो ही गोष्टच कोणास सुचत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हें मत अर्धें खरें आहे, आणि म्हणूनच तें सर्वस्वीं खोट्या मतापेक्षां अधिक घातक आहे. थोडी मुदत ज्याला दारांतून पहिल्यानें बाहेर पडतां येतें त्याला तारते. सगळेच एकदम दाराकडे धांवूं लागले म्हणजे तीच थोडी मुदत सर्वांच्या मुळावर येते.

प्रथम हा बाजार चालतो कसा तें पाहिलें पाहिजे. नाणेबाजार म्हटल्यावर मंडईसारखी कांहीं एक जागा डोळ्यांपुढें आणण्याचें कारण नाहीं. रोजच्या रोज प्रत्येक बँकेच्या हिशेबांत कांहीं तूट किंवा कांहीं शिल्लक निघते. कारण एका बँकेच्या खातेदारानें दुसऱ्या बँकेच्या खातेदारास दिलेल्या पैशांची वजावाट शेवटीं रिझर्व्ह बँकेंतील त्या त्या बँकांच्या खात्यांवर होत असते, आणि त्या खात्यांत ठरवून दिलेली शिल्लक पंधरवड्याच्या सरासरीनें राखावीच लागते. जिच्याकडे तूट ती घेते, जिच्याकडे शिल्लक ती देते. मुदत एका रात्रीची, तारण कांहीं नाहीं, केवळ पत. यालाच 'कॉल मनी' म्हणतात. जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या पंधरा तारखेस प्राप्तिकराचे आगाऊ हप्ते भरले जातात. तेव्हां पैसा बँकांतून निघून सरकारच्या खात्यांत जाऊन बसतो आणि या एका रात्रीच्या पैशाचा भाव चढूं लागतो. रिझर्व्ह बँकेनें त्याला वर एक आणि खालीं एक अशा दोन वेशी घातल्या आहेत: अडलेल्या बँकेस अमुक दरानें देऊं, आणि जिच्यापाशीं पैसा पडून आहे तिचा तमुक दरानें ठेवून घेऊं. भाव या दोहोंच्या मध्यें राहावा असा तिचा प्रयत्न असतो. घराच्या कर्जाचा हप्ता चढला वा उतरला म्हणजे घरोघर चर्चा होते. त्या चढउताराचा उगम पुष्कळदां या दोन वेशींच्या हलण्यांत असतो, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

कॉलचा हा व्यवहार आतां एकंदर बाजाराचा लहानसा भाग राहिला आहे. बहुतेक उलाढाल तारणावर होते. तिची रीत अशी कीं, आज सरकारी रोखे विकावयाचे आणि उद्यां, ठरलेल्या व किंचित् अधिक किंमतीस, तेच परत विकत घ्यावयाचे. दोन किंमतींतील अंतर तेंच व्याज. याला 'रेपो' असें नवें नांव असलें तरी ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांना त्यांत नवल वाटूं नये. आमच्याकडील मुदतखरेदी ती हीच. नांव विक्रीचें, व्यवहार गहाणाचा. सरकार स्वतः उसने घेतें तें ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांवर. त्यांवर व्याज म्हणून वेगळें मिळत नाहीं. शंभरांची हुंडी वटाव कापून कमी किंमतीस घ्यावयाची आणि मुदत भरली कीं पुरे शंभर उचलावयाचे. १८७७ सालीं वॉल्टर बॅजट यानें ब्रिटिश खजिन्याला ही युक्ति सुचविली ती व्यापाऱ्यांच्या हुंडीवरूनच; हिंदुस्थानांत तीं बिलें १९१७ सालीं, महायुद्ध चालूं असतां आलीं. १९९० पासून मोठ्या कंपन्यांनाहि असल्याच बिनतारणी वचनचिठ्ठ्या काढण्याची मुभा मिळाली. त्यांस 'कमर्शियल पेपर' म्हणतात आणि त्यांची मुदत सात दिवसांपासून एक वर्षापर्यंत असते. आमचें भांडण मुख्यतः या वचनचिठ्ठ्यांशीं आणि त्यांवर रचलेल्या मनोऱ्याशीं आहे.

हा बाजारच नको असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. पैसा खेळता राहिला पाहिजे, आणि जो एका रात्रीपुरता एकाकडे निरुपयोगी आहे तो त्या रात्रीपुरता दुसऱ्याच्या उपयोगीं पडला तर त्यांत पाप कसलें? मुंबईच्या बाजारांत पूर्वीं दिवाळीनंतर कापसाच्या खरेदीसाठीं पैसा वऱ्हाड-खानदेशाकडे जाई व व्याजाचा दर चढे. पावसाळ्यांत तोच पैसा परत येऊन पेढ्यांवर स्वस्थ बसे. त्या हुंडीच्या पोटांत माल असे. कापूस विकला गेला कीं हुंडी आपल्या आपण भागे; म्हणजे कर्जाची मुदत आणि कामाची मुदत यांची गांठ बांधलेली असे. पोकळ हुंड्या त्याहि काळीं निघत, परंतु त्यांना बाजारांत पोकळच म्हणत. ही गांठ सुटली म्हणजे थोरामोठ्यांचेंहि काय होतें, याचा दाखला आमच्याच इतिहासांत आहे. पहिल्या बाजीरावाच्या घोड्यांना नर्मदेनें अडविलें नाहीं, पण ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या त्याच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्यानें गांजलेला माणूस दिसतो. फौजेचा रोजमुरा आज द्यावयाचा आणि मुलुखाची वसुली पुढल्या सालीं यावयाची. मधली पोकळी उसन्या पैशानें भरावयाची. त्याच्यापाशीं निदान तरवार होती.

आतां तरवार नसलेल्यांची गोष्ट ऐका. १९८७ सालीं स्थापन झालेली 'इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनान्शियल सर्व्हिसेस' ही मुंबईची संस्था. तिच्या भागीदारांत आयुर्विमा महामंडळासारखीं भारदस्त नांवें. रस्ते, बोगदे, वीजनिर्मिति असलीं देशोपयोगी कामें ती करी. जम्मूकडून काश्मिरास जाणाऱ्या रस्त्यावरील चेनानी-नाशरी येथील सुमारें नऊ किलोमीटरांचा बोगदा, जो एप्रिल २०१७ मध्यें खुला झाला, तो तिच्याच शाखेनें खोदला. असल्या कामांचा पैसा पंधरा-वीस वर्षांत थेंबाथेंबानें वसूल होणारा. परंतु या समूहानें उसन्या घेतलेल्या पैशांतला मोठा भाग असा होता कीं, त्याची मुदत महिन्यांनीं मोजावी. तीन महिन्यांची चिठ्ठी भरली कीं नवी चिठ्ठी काढून ती भागवावयाची. याची टोपी त्याला घालावयाची, आणि डोकें उघडें पडूं द्यावयाचें नाहीं. व्याज कमी पडतें म्हणून हें करावयाचें, आणि वर्षानुवर्षें तें निभावलें म्हणजे त्याला कौशल्य असें नांव द्यावयाचें! जुलै २०१८ मध्यें पत ठरविणाऱ्या संस्थांच्या दप्तरीं या संस्थेची प्रत तीन 'ए'ची, म्हणजे सर्वोच्च होती. सप्टेंबर संपण्यापूर्वीं ती सर्वांत खालच्या पायरीवर, बुडीताच्या सदरांत जाऊन पडली. ज्याची पत ठरवावयाची त्याच्याच पैशांतून ठरविणाराची फी यावयाची, ही रीत जोंवर आहे तोंवर असले चमत्कार घडावयाचेच. त्यासाठीं कोणी लबाडच असला पाहिजे असें नाहीं.

एकंदर कर्ज सुमारें ९१ हजार कोटींचें निघालें. १ ऑक्टोबर २०१८ रोजीं सरकारनें जुनें संचालकमंडळ दूर करून नवें बसविलें. संस्थेच्या पतनाचीं कारणें अनेक होतीं. कारभारावर गंभीर आरोप झाले, चौकशा झाल्या. तथापि मरण ज्या दारानें आलें तें दार अल्पमुदतीचेंच होतें: मुदत भरली, आणि नवी चिठ्ठी घेणारा कोणी उरला नाहीं. धक्का तेथेंच थांबला असता तरी एक वेळ चाललें असतें. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दिवाण हाउसिंग फायनान्स या घरकर्जें देणाऱ्या कंपनीची कांहीं चिठ्ठी एका म्युच्युअल फंडानें पडत्या भावानें विकली, ही वार्ता बाजारांत पसरतांच त्या कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसांत चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. मग ज्या ज्या कंपन्या तीन महिन्यांच्या पैशावर पंधरा वर्षांचीं घरकर्जें देत होत्या त्या साऱ्यांकडे लोक साशंक नजरेनें पाहूं लागले. आणि या समूहाचे रोखे कोणाच्या पेटींत होते? अनेक कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधींच्या. ज्या कारकुनानें जन्मभर कमर्शियल पेपर हा शब्द ऐकला नाहीं त्याच्या म्हातारपणाची पुंजी तेथें होती.

यावर उत्तर ठरलेलें असतें: ऋणको वाईट निघाला, बाजाराचा काय दोष? या उत्तराचा फोलपणा दाखविण्यास एप्रिल २०२० ची हकीकत पुरेशी आहे. त्या महिन्याच्या २३ तारखेस फ्रँकलिन टेंपलटन या मोठ्या फंडसंस्थेनें आपल्या कर्जरोख्यांच्या सहा योजना एकाएकीं बंद केल्या. तीन लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारें पंचवीस हजार कोटी रुपये आंत अडकले. त्या सहांपैकीं एका योजनेचें नांव होतें 'अल्ट्रा शॉर्ट', म्हणजे अत्यल्प मुदतीची! पुढें न्यायालयांत वाद झाला, आणि हप्त्याहप्त्यानें पैसे परत मिळत गेले. सहा योजनांचें एकत्र पाहतां योजना बंद झाल्या त्या दिवशींच्या रकमेपेक्षां कांहीं अधिकच मिळाले. हें आम्ही फंडाच्या बाजूनें मुद्दाम सांगतों, कारण तेंच आमच्या बाजूचें सर्वांत बळकट प्रमाण आहे. ऋणकोंपैकीं बहुतेक बुडाले नव्हते. दिलेलें कर्ज बहुतांशीं खरें होतें. आणि तरीहि दार बंद करावें लागलें. कारण सरळ आहे. धनकोला सांगितलें होतें, "केव्हांहि मागा". ऋणकोला सांगितलें होतें, "दोनतीन वर्षांनीं द्या". ही दोन वचनें एकाच तोंडानें दिलेलीं होतीं.

हा कांहीं आमच्या देशाचाच रोग नव्हे. सप्टेंबर २००७ मध्यें इंग्लंडांत नॉर्दर्न रॉक या बँकेच्या दारांशीं खातेदारांच्या रांगा लागल्या. १८६६ च्या ओव्हरेंड गर्नी पेढीनंतर असें दृश्य त्या देशानें पाहिलें नव्हतें. घरांसाठीं पंचवीस वर्षांचीं कर्जें देणाऱ्या त्या बँकेच्या भांडवलांत सामान्य ठेवीदारांचा हिस्सा जेमतेम एकचतुर्थांश होता; उरलेलें बाजारांतून उचललेलें. न्यू यॉर्कच्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाची गोष्ट तर यापेक्षांहि बोधक आहे. असल्या फंडाची कल्पना जगापुढें प्रथम मांडली ती याच घराण्यानें. लेहमन ब्रदर्सचें दिवाळें १५ सप्टेंबर २००८ रोजीं निघालें तेव्हां या फंडाच्या ६२ अब्ज डॉलरांहून अधिक मालमत्तेंत लेहमनच्या चिठ्ठ्या ७८ कोटी ५० लाखांच्या, म्हणजे शंभरांत सुमारें सव्वाच होत्या. दुसऱ्याच दिवशीं फंडाचा डॉलर सत्त्याण्णव सेंटांवर आला आणि पैसे काढण्याची जी झुंबड उडाली तींत फंड नाहींसा झाला. सर्व मिटल्यावर गुंतवणूकदारांना डॉलरमागें सुमारें नव्याण्णव सेंट मिळाले. एका सेंटाच्या नुकसानीनें इतका हाहाकार व्हावा याचें कारण, एक सेंटहि कधीं जाणार नाहीं असें लोकांना वाटूं दिलें होतें.

आणि अशा प्रसंगीं धांवतें कोण? अमेरिकेंत चार दिवसांच्या आंत सरकारनें असल्या सर्व फंडांची हमी घेतली. आमच्याकडे ऑक्टोबर २००८ मध्यें रिझर्व्ह बँकेनें म्युच्युअल फंडांसाठीं वीस हजार कोटींची खास सोय केली. २७ एप्रिल २०२० रोजीं तशीच सोय पन्नास हजार कोटींची. रिझर्व्ह बँकेनें तें करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. घराला आग लागली असतां पाण्याचा दर विचारूं नये. परंतु आग विझल्यावर तरी विचारावा कीं नाहीं? बँकेच्या ठेवीपेक्षां अर्धा टक्का अधिक मिळतो म्हणून जो पैसा तिकडे गेला, त्या अर्ध्या टक्क्याची मिळकत फंडाची, दलालाची व आमची. आणि संकट आलें कीं खर्ची पडावयाची ती सर्व राष्ट्राची पत. ज्याच्यापाशीं फंडांत टाकण्यास दमडी नाहीं, तोहि या हमीचा भागीदार आहे. सावकाराला शिव्या देणाऱ्या आमच्या वर्गानें या हिशेबाकडे एकदां पाहावें. सुप्याचा सावकार निदान आपल्या पैशानें बुडत असे.

"मग उपाय काय? बाजार हा असाच चालावयाचा," अशी एक विरक्तीची भाषा या ठिकाणीं सुरू होते. तीहि आम्हांला मान्य नाहीं. १९९२ सालीं हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आलें, तेंहि मुळांत शेअरबाजाराचें नव्हे, नाणेबाजाराचेंच होतें. वर सांगितलेली मुदतखरेदीच बँका आपसांत करीत. पण प्रत्यक्ष रोखे हातीं न देतां नुसती बँकेची पावती देत, आणि मध्यें दलाल उभा असे. सरकारी रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेंत वह्यांवर हातानें होई, ती मागें रेंगाळे, आणि पावती खरी कीं पोकळ हें पाहण्यास कोणास सवड नसे. ज्यांच्यामागें रोखेच नव्हते अशा पावत्या देणाऱ्या बँकांत एक आमच्या कऱ्हाडची होती. त्याच वर्षीं तिचें विसर्जन झालें. जानकीरामन समितीनें मोजलेली तूट चार हजार कोटींहून अधिक भरली. त्यानंतर मात्र काम झालें. नोंदी यंत्रावर आल्या, २००१ सालीं क्लिअरिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली, आणि आज तारणावरील एका रात्रीच्या व्यवहारांत ती दोघांच्या मध्यें उभी राहून तारण आपल्या ताब्यांत ठेवते. २००८ च्या वादळांत आमच्या बाजाराचा हा भाग चालूं राहिला. म्हणजे मनांत आणलें तर हें सुधारतां येतें. विश्वास पानपतांत गेला असें म्हणून स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं.

सुधारणा मुळींच झाल्या नाहींत असेंहि नाहीं. ऑक्टोबर २०१९ पासून लिक्विड फंडांतून पहिल्या सात दिवसांच्या आंत पैसे काढणारास थोडी कपात सोसावी लागते, आणि फंडाला कांहीं हिस्सा रोकड व सरकारी रोख्यांतच ठेवावा लागतो. मोठ्या कर्जपुरवठा कंपन्यांनाहि डिसेंबर २०२० पासून तीस दिवसांच्या ताणास पुरेल इतका साठा ठेवण्याचें क्रमाक्रमानें बंधन आलें. हीं पावलें योग्य आहेत. परंतु तीं सर्व कोठीघराचीं आहेत. दर्शनी पाटी होती तशीच आहे. 'लिक्विड' म्हणजे पाण्यासारखें. पाणी घरच्या हंड्यांतलें असेल तर तें हवें तेव्हां घेतां येतें. जें शेजाऱ्याच्या विहिरींत आहे आणि ज्यावर साऱ्या आळीचे पोहरे एकाच सकाळीं पडावयाचे आहेत, त्याला हंड्यांतलें पाणी म्हणून विकणें ही भाषेची लबाडी आहे. आमची मागणी साधी आहे. फंडाच्या जाहिरातींत पहिल्या ओळींत, त्याच टायपांत, असें छापावें कीं हे पैसे अमुक अमुक कंपन्यांस व बँकांस उसने दिले जातात, आणि सर्वांनीं एकदम मागितल्यास ते एकदम देतां येणार नाहींत. तसेंच, तीन महिन्यांच्या चिठ्ठ्यांवर दीर्घ मुदतीचीं कामें चालविणाऱ्या प्रत्येक कंपनीनें येत्या नव्वद दिवसांत किती देणें आहे आणि तें कशांतून देणार, नव्या उसनवारींतून कीं खऱ्या वसुलींतून, हा हिशेब दरमहा प्रसिद्ध करावा. ज्याला हें जड वाटत असेल त्यानें वीस वर्षांच्या कामासाठीं वीस वर्षांचें कर्ज काढावें व त्याचें व्याज द्यावें.

कोणी म्हणतील, लोक असल्या जाहिराती वाचून घाबरतील. घाबरूं द्या. फंडानें कोणाकोणास पैसे दिले आहेत त्याची यादी आजहि वेळोवेळीं प्रसिद्ध होतेच. मुलीच्या लग्नांत पाहुण्यांची यादी चारचारदां तपासणाऱ्या आमच्या घरांत ती यादी एकदांहि उघडली जात नाहीं. आणि ज्यांना ऋणको निवडण्याची यातायात नको असेल त्यांच्यासाठीं दुसरीहि वाट आहे. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनें सामान्य माणसास सरकारी रोखे थेट विकत घेण्याची सोय करून दिली आहे. दहा हजार रुपयांपासून ट्रेझरी बिल घेतां येतें आणि खातें उघडण्यास शुल्क पडत नाहीं. ही वार्ता सल्लागाराच्या तोंडून क्वचितच ऐकूं येते, कारण तींत त्याला दलाली नाहीं. त्या बिलाला कोणी 'लिक्विड' म्हणत नाहीं. त्याच्यावर पैसे परत मिळण्याची तारीख असते, आणि बहुतेकांना त्या तारखेपर्यंत थांबावें लागतें.